दोन मांडवांच्या मधे

सायकलचं पुढचं चाक पोटरीला लागलं आणि सोपान बुधवार चौकात, भर संध्याकाळच्या गर्दीत, मटकन खाली बसला. पडला म्हणावं असंही काही झालं नव्हतं. धोतराला धूळ लागली, टोपी घरंगळत एका फळवाल्याच्या टोपलीपाशी गेली, एवढंच. सायकलवाला कॉलेजातला पोरगा होता; तो घाबरून पुन्हा पुन्हा माफी मागत राहिला. फळवाल्यानं टोपी झटकून परत दिली, सोपानला दुकानाच्या पायरीवर बसवलं, पाणी दिलं आणि सहज विचारलं, "घरी कोण आहे तुमच्या?"

"बायको आहे," सोपान म्हणाला, आणि ती आठवायला गेला तर आठवेना. फुंकणी धरून चुलीपुढे वाकलेली पाठ आठवली. ताटात भाकरी टाकणारे हात आठवले, त्यातल्या हिरव्या काकणांसकट. नळावरून येताना ओला झालेला लुगड्याचा काठ आठवला. चेहरा काही येईना. त्यानं पाण्याचा आणखी एक घोट घेतला. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवताना त्याला पेटीकडे बघावं लागत नसे. हात आपोआप हव्या त्या खणात जायचा आणि हवं ते अक्षर उचलायचा. इथं खण रिकामाच लागत होता. दहा-अकरा वर्षांच्या संसारातली बायको, जिच्याशी भांडण नाही, जिच्याबद्दल तक्रार नाही, आणि तिचं तोंड आठवत नाही. आपल्या डोक्याला मार तर नाही ना लागला, असं वाटून त्यानं टाळू चाचपली. टाळू धड होती. मुका मार असावा तसं काहीतरी दुसरीकडेच दुखत होतं.

नाना पेठेतल्या खोलीला कुलूप होतं. कौसल्या आठवड्यापूर्वीच बारामतीला गेली होती. सोपानच्या थोरल्या भावाच्या, आबासाहेबांच्या, मुलीचं लग्न शनिवारी होतं आणि दुसऱ्याच दिवशी इंदापूरला बहिणीच्या, चंद्राबाईच्या, मुलाचं. एकाच घरचे दोन मांडव, म्हणून बायकांना आधीच बोलावलं होतं. सोपाननं कुलूप काढलं, दिवा लावला आणि भिंतीला टेकून बसला. फोटो एकही नव्हता. खिडकीत फुटक्या मडक्याचं बूड होतं. लग्नानंतर पुण्याला आल्या आल्या कौसल्येनं त्यात कोथिंबीर टाकली होती. ती सणसरच्या मळेकऱ्याची लेक. माती दिसली की तिचे हात स्वस्थ बसत नसत. पण त्या खिडकीत ऊन म्हणून कधी आलंच नाही. कोथिंबीर दोऱ्यासारखी बारीक, पांढरट उगवली आणि आडवी झाली. सोपान तेव्हा हसला होता. कौसल्याही हसली असावी. तेही त्याला नीट आठवेना. पुढं तिनं पुन्हा काही पेरलं नाही. मूल झालं नाही, बाप वारला, भाऊ नव्हता म्हणून सणसरचा मळा भावकीत गेला, आणि हे सगळं तिनं त्या खोलीत इतक्या हळू आवाजात सोसलं, की लाकडी पडद्यापलीकडच्या बिऱ्हाडालाही कळलं नाही. सोपानला वाटायचं, बरी आहे, शांत आहे. शांत माणसाला विचारायचं काय?

आणि याच हिशेबानं त्यानं एक गोष्ट परस्पर ठरवून टाकली होती. मुंबईला गिरगावात एका मोठ्या छापखान्यात त्याला जागा मिळाली होती. ज्येष्ठात रुजू व्हायचं होतं. लग्नाचं कापड घ्यायला आबासाहेब पुण्याला आले तेव्हा त्यानं त्यांना सांगितलं. आबासाहेब क्षणभरही न थांबता म्हणाले, "मंग कौसल्येला आमच्याकडं बारामतीला ठेव. तुझ्या वहिनीलाबी हाताखाली माणूस व्हईल." सोपानला तेव्हा हायसं वाटलं होतं. कौसल्या त्या वेळी नळावर होती. लग्नं उरकली की सांगू तिला, असं दोघांनी ठरवलं, आणि आबासाहेब लुगड्यांचे रंग बघायला उठले.

शनिवारी पहाटेच्या गाडीनं तो निघाला, दौंडला उतरून बारामतीच्या छोट्या गाडीत बसला. ती गाडी सावकाश, एखाद्या वयस्कर माणसासारखी दम खात चालायची. वैशाखाचं ऊन चढत होतं. एका बाजूला उघडी तांबडी माळरानं आणि कालव्याची हद्द लागली की दुसऱ्या बाजूला एकदम हिरवा ऊस, केळी, पाटाच्या पाण्याचा ओला वास. सोपान खिडकीशी बसून परीक्षेला बसणाऱ्या पोरासारखा मनात घोकत होता: कपाळ कसं, नाक कसं. काही जुळत नव्हतं. त्याला स्वतःची शरम वाटली, आणि शरमेबरोबर भीतीही, की आता ती दिसेल आणि आपण ओळखायला एखादा क्षण उशीर करू.

उशीर करायची वेळच आली नाही. मांडवात शिरायच्या आधीच तिचा आवाज आला. आधी त्याला वाटलं, ही कोण बाई? आवाज मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खणखणीत जात होता आणि त्याच्यामागे माणसं हलत होती. "कुशाबाई, ती पातेली उन्हातनं हलवा. डाळ आंबंल. लापशीचा गहू निवडलाय का पुन्यांदा?" मग ती कणगीमागून बाहेर आली. पदर कमरेला खोचलेला, कपाळावरचं कुंकू घामानं जरा ओघळलेलं. रुंद कपाळ. जवळजवळ जुळलेल्या भुवया. हनुवटीवर गोंदणाचे तीन हिरवे ठिपके, आणि पुढचा एक दात किंचित वाकडा, त्यामुळं बोलताना तोंडावर कायम हसू असल्यासारखं वाटायचं. सोपान खांबाला धरून उभा राहिला. एवढा भरलेला चेहरा आपण विसरलो होतो? की पुण्यात तो इतका उजेडात कधी आलाच नव्हता?

तिनं त्याला पाहिलं. "आलात व्हय?" ती म्हणाली. "पाय धुवा, तितं रांजण हाय. लंगडताय का?"

"सायकल लागली."

ती जवळ आली, वाकून पोटरी पाहिली, दोन बोटांनी दाबून पाहिली. "हाड न्हाय दुखावलं. हळद लावून देते," म्हणाली, आणि हळद आणायला जाता जाता तिनं वाटेत तीन बायकांना तीन कामं सांगितली, आचाऱ्याशी मिठावरून वाद घालून तो जिंकला, आणि नवऱ्या मुलीला, रतनला, आत जाऊन दोन घास दही-भात भरवून आली. छबूबाई वहिनी, कौसल्येच्या आक्का, या घरच्या खऱ्या मालकीणबाई, ओसरीवर बसून पंख्यानं वारा घेत होत्या आणि जो येईल त्याला सांगत होत्या, "कौसल्येला इचारा." सोपान हळद लावलेला पाय पसरून बसला आणि दुपारभर बघत राहिला. कुणाच्या पोराला ऊन लागलं तर कौसल्या. मांडवाचा एक वासा कलला तर कौसल्या. ती कुणावर ओरडत नव्हती. ज्याला जे काम जमेल तेच ती त्याला सांगत होती आणि सांगून विसरत होती, मागे लागत नव्हती. म्हणून ते होत होतं. छापखान्यातल्या मुकादमाला जे वीस वर्षांत जमलं नाही ते ही बाई पदर खोचून करत होती. त्याला अभिमान वाटला. मग लगेच वाटलं, अभिमान वाटायला यात आपलं काय आहे? आपण तर हिला दहा वर्षं एका अंधाऱ्या खोलीत ठेवली.

गोरज मुहूर्त जवळ आला आणि घोटाळा झाला. वऱ्हाड जवळच्या शाळेत उतरलं होतं. नवऱ्या मुलाच्या चुलत्याला, गेणबांना, मानाचा फेटा बांधायचा होता. गडबडीत तो दुसऱ्याच कुणाला तरी बांधला गेला. गेणबा डोक्यावरचं पागोटं काढून मांडीवर घेऊन बसले. मुलाचा बाप दत्तोबा म्हणाला, थोरल्याबिगर मी पोराला उभा करणार नाही. आबासाहेब स्वतः गेले, हात जोडले, नवा फेटा पुढं केला. गेणबांनी फेट्याकडं पाहिलंही नाही. ऊन उतरायला लागलं. आबासाहेबांसारखा दांडगा माणूस, सगळ्या पेठेत ज्याचा शब्द चालायचा, तो परत येऊन खांबाशी उभा राहिला आणि त्याच्या ओठांना कोरड पडलेली सोपानला दिसली.

कौसल्येनं पाण्याचा तांब्या घेतला, डोक्यावरून पदर घेतला आणि चालू लागली. सोपान मागोमाग गेला आणि शाळेच्या दारातच थांबला. ती आत गेली, तांब्या गेणबांच्या पुढं ठेवला आणि चार हातांवर भिंतीला टेकून खाली बसली.

"समजूत घालाय आली आसशील तर जा माघारी," गेणबा म्हणाले.

"न्हाय मामा. बसाय आलेय. सकाळधरनं पाय दुखत्यात."

गेणबांनी मांडीवरचं पागोटं सारखं केलं. बाहेर ताशेवाला मधूनच एखादी टिपरी मारत होता आणि थांबत होता.

"तुमास्नी कुणी इचारलं न्हाय, ते चुकलंच," थोड्या वेळानं ती आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली. "मलाबी न्हाय कुणी इचारत. आन् तितं आत पोरगी नटून उभी हाय, तिला तर कुणीच कायबी इचारलेलं न्हाय. आपुन तिघंबी एका रांगंतलीच की. त्यातलं तुमाला तेवढं रुसता येतं. आमी दोघींनी कुठं जाऊन बसावं?"

गेणबांनी मान वळवून तिच्याकडं नीट पाहिलं. "कुणाची गं तू?"

"सणसरच्या महिपतीची."

"माळवं करायचा त्यो महिपती?"

"व्हय."

"त्याची वांगी खाल्ली हायती मी," गेणबा म्हणाले. त्यांनी तांब्या उचलला, घटाघटा पाणी प्याले, मिशा पुसल्या आणि आपलं जुनंच पागोटं डोक्यावर चढवलं. "चल. पोरगी ताटकळली आसंल."

अक्षता पडल्या, पंगती उठल्या, आणि या सगळ्यात सोपानच्या कानात तिचं एकच वाक्य अडकून राहिलं. मलाबी न्हाय कुणी इचारत. त्यानं स्वतःला समजावलं, की म्हाताऱ्याला पाघळवायला काढलेला तो शब्द होता. बाई हुशार आहे. पण पंगतीत लापशी वाढताना पळी त्याच्या हातात दोनदा थांबली.

रविवारी उजाडता उजाडता रतनची पाठवणी झाली. बायकांनी डोळे पुसले आणि त्याच हातांनी बोचकी बांधायला घेतली, कारण इंदापूरचा मुहूर्त दुपारचा होता. भाड्याच्या लॉरीत पुढं आबासाहेब आणि वहिनी, मागं बाकीची सगळी, भांडी, आहेराच्या टोपल्या आणि कालची उरलेली बुंदी. सोपान कौसल्येच्या समोर बसला होता. धक्क्यासरशी तिचं डोकं हलत होतं. तिला झोप लागली होती. झोपेत तिच्या भुवया अधिकच जवळ आल्या होत्या, कसलंतरी काम करत असल्यासारख्या. तिच्या पायांना भेगा होत्या आणि भेगांत बारामतीची माती बसली होती. पुण्यात हे पाय स्वच्छ असायचे, आणि कुठेच जायचे नाहीत. सोपाननं मनाशी ठरवलं. हिला ठेवून जायचं नाही. मुंबईला न्यायची. आबांना काय वाटायचं ते वाटो. ठरवल्यावर त्याला फार बरं वाटलं. आपण एकदम मोठे झालो असं वाटलं.

सणसरच्या अलीकडं लॉरी तापली. पुढून वाफ निघायला लागली तसा ड्रायव्हर उतरला आणि पाणी पाहिजे म्हणाला. कौसल्या जागी झाली, इकडंतिकडं पाहिलं आणि काही न बोलता बादली घेऊन उतरली. सोपानही उतरला. ती बांधावरून इतकी सरळ चालत होती, की वाट तिच्या पायांना पाठ असावी. उसाच्या मागं विहीर आली. "ही आमची," ती म्हणाली, आणि लगेच, "आमची हुती." मोटेच्या धावेवर कुणी नव्हतं. लिंबाच्या सावलीत तिनं बादली टेकवली.

"कौसल्या," सोपान म्हणाला, "मला मुंबईला जागा मिळालीय."

"ठावं हाय."

"कुणी सांगितलं?"

"आक्कांनी. आले त्याच दिशी. म्हणल्या, आता तू हितंच ऱ्हायची हायेस, तवा भांड्यांची फळी तुझ्या मनासारखी लावून घे."

म्हणजे हा सगळा आठवडा. म्हणजे गेणबांपुढं बसताना. ही माहीत असून राबत होती, हसत होती, रतनला घास भरवत होती. ज्या घरात आपल्याला न विचारता ठेवलं जाणार, त्या घराची अब्रू पदर खोचून सांभाळत होती. त्यानं तिच्या तोंडावर राग शोधला. राग नव्हता. थकवा होता आणि काहीतरी ठरलेलं होतं.

"मी ते मोडतोय," तो घाईनं म्हणाला. "तू माझ्याबरोबर चल. मुंबईला."

तिनं दोर बादलीला बांधला आणि बादली खाली सोडली. खालून पाण्याचा आवाज आला. "तितली खोली कशी आसंल?"

"पुण्यासारखीच. जरा लहान."

"ऊन येतं?"

खोटं बोलायचं सोपानच्या जिवावर आलं.

"मंग मी न्हाय येत," ती म्हणाली. दोर ओढताना तिचे दंड ताठ झाले. "रागानं न्हाय म्हणत. तुमी काल न्हाय तर आज इचारलं, त्यातच आलं. पण मी पुण्यात कशी हुते, ते तुमी बघितलंच न्हाय. मी बसल्या जागी वाळत हुते. हितं आठ दिस झालं, मला माझाच आवाज ऐकाय येतो." तिनं बादली काठावर घेतली. "मी ऱ्हाईन बारामतीला. पण ठेवली म्हणून न्हाय ऱ्हाणार. आक्का वाईट न्हाईत, पण हाताखालचं माणूस म्हंजी हाताखालचंच. कालव्याच्या फाट्याखाली तुमच्या वाटणीचा तुकडा पडून हाय. त्यो माझ्या हातात द्या. गोठ्याशेजारची खोली द्या. माळवं करीन. वांगी, गवार, दोडका. बारामतीची गाडी पुण्याला जातीच की रोज. पण हे आबासाहेबांस्नी मी सांगू शकत न्हाय, मोठं दीर हायत. तुमाला सांगाय लागंल."

आबांपुढं आवाज चढवणं सोडाच, सोपान आयुष्यात त्यांच्यापुढं नीट उभाही राहिला नव्हता. लहानपणी हिवाळ्यात आबा त्याला पाठीवर घेऊन कालवा ओलांडायचे. ती पाठ अजून त्याच्यापुढं होती, आणि पाठीमागून बोलायची सवय गेली नव्हती. त्यानं तिच्या हातातली बादली घेतली. "सांगतो," तो म्हणाला, आणि पाणी सांडत, लंगडत लॉरीकडं चालला.

इंदापूरचा मांडव पुणे-सोलापूर रस्त्याच्या कडेलाच होता. मालमोटारी धुरळा उडवत जात आणि सनईवाला तोंडावर उपरणं धरी. भाच्याचं, मानसिंगाचं, लग्न वेळेवर, बिनतक्रार लागलं. चंद्राबाई कौसल्येच्या गळ्यात पडली आणि लगेच तिला कोठीत घेऊन गेली. जेवणं झाल्यावर आबासाहेब मांडवाच्या टोकाला लोडाला टेकले, पान लावायला घेतलं. आजूबाजूला दोन-चार पाहुणे होते. सोपानला वाटलं, पाहुणे उठू देत. मग वाटलं, उठले तर आपण बोलणारच नाही. तो जाऊन समोर बसला.

"आबा, कौसल्या बारामतीला ऱ्हाणार हाय," तो म्हणाला. पुण्याची भाषा कुठल्या कुठं गेली होती. "पण वहिनीच्या हाताखाली न्हाय. फाट्याखालचा तुकडा ती करणार. गोठ्याशेजारची खोली तिची. पिकंल ते तीच इकणार."

आबासाहेबांनी चुन्याचं बोट पानावरच ठेवलं. "हे कुणी शिकवलं तुला?"

"तिनं."

"बाईमाणूस एकटं मळा करणार. लोक काय म्हंतील?"

सोपानचे कान तापले होते. "काल गेणबा बसलं तवा लोक काय म्हणत हुतं, आबा? आन् त्यास्नी उठीवलं कुणी?"

एक पाहुणा उगाच खाकरला. आबासाहेबांनी पान तोंडात टाकलं आणि सावकाश चघळत मांडवाच्या पलीकडं बघत राहिले. तिथं कौसल्या उष्ट्या पत्रावळींवर जमलेल्या जनावरांना हाकलून आहेराच्या टोपल्या सावलीत सरकवत होती. आबासाहेब कितीतरी वेळ बघत होते. थोरला दीर धाकट्या भावजयीशी चारचौघांत बोलत नाही. पण त्यांनी हाक मारली.

"कौसल्या, पावसाआधी त्या तुकड्याला बांध घालाय लागंल. दोन गडी देतो. चालंल का तुला?"

तिनं पदर पुढं ओढला, क्षणभर उभी राहिली. सोपानला तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त पदराखाली हनुवटी दिसत होती.

"एकच द्या," ती म्हणाली. "पण कामाचा द्या."

आबासाहेब मोठ्यानं हसले, पाहुणेही हसले.

उन्हं कलल्यावर पुण्याची मोटार होती. कौसल्या रस्त्यापर्यंत आली, बुंदीचं गाठोडं हातात दिलं. बोलण्यासारखं खूप होतं, पण मोटारीचा माणूस घाई करत होता. "दसऱ्याला येईन," सोपान म्हणाला.

"या. पण पाव्हणं म्हणून येऊ नका. कामाची कापडं घेऊन या."

मांडवातून चंद्राबाईनं तिला हाक मारली. ती "आले" म्हणून वळली, आणि मोटार सुटली तेव्हा ती अर्ध्या वाटेत पोचून कुणाशीतरी पातेल्यांबद्दल बोलत होती.

मुंबईत सोपानला चाळीच्या जिन्याखालची जागा मिळाली. तिथं ऊन येत नव्हतं. खानावळीत वांग्याची भाजी आली की तो ती बोटांनी चिवडून बघायचा आणि शेजारचे हसायचे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो बारामतीच्या स्टेशनवर उतरला तर पाऊस होऊन गेलेला, माती वाफाळत होती. बैलगाडीवाला नवा होता, ओळखीचा नव्हता.

"कुठं सोडू, राव?"

"कालव्याच्या फाट्याखाली. आबासाहेबांच्या शेतावर."

गाडीवाल्यानं जरा विचार केला. "म्हंजी कौसल्याबाईच्या मळ्यावर. त्या अंगाला आता तेच म्हंत्यात." त्यानं बैलांच्या शेपट्या पिळल्या आणि मागं वळून विचारलं, "तुमी कोण त्यांचं?"

सोपाननं बोचकं मांडीवर घट्ट धरलं.

"मी?" तो म्हणाला. "मी कामाला आलोय."